आफ्रिकेच्या खेड्यांतील शाळा, लॅपटॉप आणि मुलांनी मुलांना शिकवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलावीच्या मध्य भागातील खेड्यांमधील प्राथमिक शाळांत लॅपटॉपच्या साहाय्याने चालणाऱ्या सहाध्यायी शिक्षणाच्या कामात मी काही वर्षे सहभागी आहे. सुट्टीत पुण्याला आले की शिक्षक, संगणक क्षेत्रातील मित्र आणि निवृत्तीनंतर काही उपयोगी करू पाहणारे नातेवाईक मला जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून ही प्रश्नावली तयार केली आहे. जिथे काम फसले तिथे ते फसले असेच लिहिले आहे. या विषयावर कौतुकाचे लेखन पुष्कळ झाले आहे, पण नव्याने काम सुरू करणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही.

आफ्रिकेतील खेडी म्हणजे नेमकी कुठली?

आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि एका देशातला अनुभव शेजारच्या देशालाही लागू पडेलच असे नाही. रवांडात जवळजवळ सगळे लोक किन्यारवांडा ही एकच भाषा बोलतात, तर झांबियाच्या शाळांत सात स्थानिक भाषा वापरल्या जातात. केनियाने शालेय टॅब्लेट योजनेच्या निमित्ताने बहुतेक प्राथमिक शाळांपर्यंत वीज नेली, तर मलावीतील खेड्यांत आजही अंधार पडला की शाळेचे आवार अंधारातच असते. पुढील उत्तरे मुख्यतः मलावी, रवांडा, केनिया, टांझानिया आणि झांबिया या देशांविषयी आहेत.

मुलांना आधी शिक्षक, पुस्तके आणि बाके हवीत. लॅपटॉप ही त्यानंतरची गोष्ट नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर या देशांतील शाळांच्या अलीकडच्या इतिहासात सापडते. मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये तोच निर्णय घेतला. मलावीत पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून थोड्याच काळात ३० लाखांच्या आसपास गेली. इतकी मुले शाळेत आली हे त्या देशाचे फार मोठे यश आहे आणि परदेशी मदतीच्या गप्पांत ते सहसा कोणी सांगत नाही. मात्र त्या वेगाने ना शिक्षक तयार होऊ शकत होते, ना वर्गखोल्या बांधून होऊ शकत होत्या. पहिली-दुसरीच्या वर्गात शंभराहून अधिक मुले असणे आणि त्यांतला एखादा वर्ग आंब्याच्या झाडाखाली भरणे हे तिथे नेहमीचे दृश्य आहे. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत दहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ८९ टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही.

शंभर मुलांच्या वर्गात शिक्षिका फळ्यावर वाक्य लिहितात, छडीने एकेक शब्द दाखवतात आणि सगळा वर्ग तो एका सुरात म्हणतो. त्या सुरात सूर मिसळणाऱ्या मुलाला अक्षर ओळखता येते, की शेजारच्याचे ऐकून तो म्हणतो आहे, हे शिक्षिकेला कळायला मार्गच नसतो. एकेका मुलाला स्वतः वाचण्याची, चुकण्याची आणि पुन्हा वाचण्याची पाळी मिळावी, एवढ्याच कामासाठी लॅपटॉप आणि त्याच्या शेजारी बसणारे मोठ्या इयत्तेतील मूल यांची योजना असते. शिक्षकाची जागा ही जोडी घेऊ शकत नाही. ज्या शाळेत शिक्षकच टिकत नाहीत, तिथे लॅपटॉप नेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या गाजलेल्या योजनेचे पुढे काय झाले?

अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधील निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ च्या जानेवारीत शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत त्याचा नमुना दाखवण्यात आला, तेव्हा हाताने फिरवून वीज निर्माण करण्याचा त्याचा दांडा प्रात्यक्षिकातच निखळला आणि प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या यंत्रात तो दांडा नव्हता. २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले तेव्हा यंत्राची किंमत दोनशे डॉलरच्या आसपास गेली होती.

यंत्र मात्र मनापासून मुलांसाठी घडवलेले होते. पांढऱ्या-हिरव्या रंगाच्या या ‘एक्सओ’ लॅपटॉपचा कीबोर्ड सलग रबराचा होता, त्यामुळे धूळ आणि पाणी आत जात नसे. त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येत असे आणि त्याच्या वरच्या दोन कानांसारख्या अँटेना उघडल्या की जवळपासचे लॅपटॉप इंटरनेट नसतानाही एकमेकांशी जोडले जात. त्यावरील ‘शुगर’ या प्रणालीत दोन मुले एकाच वेळी एकच मजकूर लिहू शकत किंवा एकच चित्र काढू शकत. म्हणजे एकमेकांकडून शिकणे ही कल्पना त्या यंत्रातच होती. ते शिकणे घडवून आणणारी माणसे शाळेत कुठून येणार आणि त्यांना कोण तयार करणार, याचा विचार मात्र यंत्राइतक्या बारकाईने झाला नाही.

आफ्रिकेत ही योजना सर्वांत मोठ्या प्रमाणावर रवांडाने राबवली. तिथे २००८ पासून दोन लाखांहून अधिक लॅपटॉप शाळांत गेले. २००९ मध्ये ही योजना चालवणाऱ्या संस्थेने एक वेगळा प्रयोग केला. सुमारे तीस विद्यार्थी-गट निवडले, प्रत्येक गटाला शंभर लॅपटॉप आणि दहा हजार डॉलरपर्यंतचा निधी दिला, त्यांना किगाली येथे प्रशिक्षण दिले आणि आफ्रिकेच्या निरनिराळ्या देशांतील खेड्यांत काही आठवड्यांसाठी पाठवले. कल्पना उत्साहाची होती, पण दोन-अडीच महिन्यांनी ते विद्यार्थी परतले की शंभर लॅपटॉपची जबाबदारी गावातल्या शिक्षकांवर येऊन पडणार, हे उघड होते.

मराठी वाचकांना हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये याच लॅपटॉपचा भारतातील पहिला प्रयोग झाला होता. पहिली ते चौथीची मुले एका खोलीत आणि त्यांच्यासमोर एक गुरुजी, हे चित्र मलावीतील खेड्याच्या फार जवळचे आहे.

योजनेची सर्वांत काटेकोर तपासणी आफ्रिकेबाहेर, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात झाली. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ग्रामीण भागातील ३१९ शाळा तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. लॅपटॉप मिळाल्यानंतर सव्वा वर्षाने गणित आणि भाषेच्या चाचण्यांत मुलांची प्रगती झालेली दिसली नाही. सर्वसाधारण आकलनशक्तीच्या चाचण्यांत काही सकारात्मक फरक आढळला, पण ज्या कारणासाठी सरकारने एवढा खर्च केला होता, ते कारण साध्य झाले नाही.

इतके स्पष्ट अपयश दिसल्यानंतरही लॅपटॉप नेण्यात अर्थ आहे का?

आहे, पण लॅपटॉप देऊन निघून जाण्यात नाही. याचा एक चांगला दाखला आपल्या शेजारच्या वडोदऱ्यातला आहे. तिथल्या महापालिकेच्या शाळांना २००० च्या सुमारास प्रत्येकी चार संगणक मिळाले होते, पण लहान वर्गांतील फार थोडी मुले त्यांना हात लावू शकत होती. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी त्या संगणकांवर गणिताचे खेळ बसवले, आठवड्याला दोन तास ठरवून दिले आणि एका संगणकापाशी दोन मुले बसवली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांच्या गणिताच्या गुणांत ठळक वाढ नोंदली गेली. त्याच अभ्यासात, कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने त्या वाढीचा बराच भाग ओसरल्याचेही नमूद आहे आणि मी तो भागही आवर्जून सांगते.

पेरूमध्ये प्रत्येक मुलाकडे यंत्र होते आणि वडोदऱ्यात दोघांत एक होते. यंत्रांच्या संख्येने फरक पडला असता, तर निकाल उलटा लागायला हवा होता. वडोदऱ्यात वेळ ठरलेली होती, विषय मुलांच्या पातळीचा होता, सोबत देखरेख करणारा माणूस होता आणि पडद्यासमोर बोलायला दुसरे मूल होते. म्हणून मी शंभर लॅपटॉप मागणाऱ्या शाळेला वीस घ्या असे सांगते आणि उरलेला पैसा त्या वीस लॅपटॉपभोवती बसणाऱ्या माणसांवर खर्च करावा असा आग्रह धरते.

सहाध्यायी शिक्षण म्हणजे नेमके काय? मुले एकमेकांना चुकीचे शिकवणार नाहीत का?

वरच्या इयत्तेतील मुलाने किंवा त्याच वर्गातील पुढे गेलेल्या मुलाने मागे राहिलेल्या मुलाला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पाठावर मदत करणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गटप्रमुख असतात, तसेच काहीसे. ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील एग्मोर येथील अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी वाळूत बोटाने अक्षरे गिरवणारी देशी शाळेतील मुले पाहिली. आपल्या शाळेतील शिक्षक ती पद्धत वापरायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलालाच लहानांना शिकवायला बसवले. १७९७ मध्ये लंडनला त्यांनी यावर लिहिले आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंडभर पसरली. त्या पद्धतीत पुढे घोकंपट्टी आणि कवायत फार वाढली, हेही खरे आहे. मूल मुलाला शिकवते म्हणजे ते आपोआप चांगलेच शिकवते, असे समजण्याचे कारण नाही.

मार्गदर्शक मुले चुका करतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे उत्तर सांगून टाकणे, आणि त्याहून मोठी म्हणजे लहान मुलाचा हात बाजूला सारून स्वतःच कळ दाबणे. म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा आहे की मार्गदर्शक मुलाने पाठ चालू असताना हात पाठीमागे बांधून बसायचे. सहावीतील एक मुलगी दुसरीच्या एका मुलाशेजारी अशी हात मागे बांधून बसलेली मी पाहिली, ते दृश्य माझ्या मनात पक्के बसले आहे. पडद्यावर घराचे चित्र होते आणि चिचेवा भाषेत घराला ‘न्युंबा’ म्हणतात. मुलाने एक अक्षर गाळून ‘नुंबा’ लिहिले. तिचे ओठ हलले, खांदे पुढे आले, पण हात मागेच राहिले. ती म्हणाली, ‘पाङोनो-पाङोनो’, म्हणजे हळूहळू, आणि तिने त्याला लिहिलेले मोठ्याने वाचायला लावले. दुसऱ्यांदा वाचताना तो स्वतःच अडखळला, कीबोर्डवर बराच वेळ बोट फिरवत राहिला आणि अखेर गाळलेले अक्षर शोधून मध्ये घातले. यात तीन-चार मिनिटे गेली. शंभर मुलांच्या वर्गात एका मुलाच्या एका अक्षरासाठी इतका वेळ देणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही.

चुकीचे शिकवले जाऊ नये म्हणून तीन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पाठ मार्गदर्शक मुलाने आधीच्या दिवशी स्वतः करून पाहिलेला असावा. मार्गदर्शक आणि लहान मूल यांच्यात तीन-चार इयत्तांचे अंतर असावे, कारण अंतर फार कमी असले तर दोघेही एकाच ठिकाणी अडतात. आणि आठवड्यातून एकदा शिक्षकांनी मार्गदर्शक मुलांसोबत बसून कोण कुठे अडले ते ऐकावे. ही तिसरी गोष्ट वगळली की एक-दोन महिन्यांत कार्यक्रम नुसता खेळ होतो, हा माझा अनुभव आहे.

मार्गदर्शक मुलांच्या स्वतःच्या अभ्यासाचे नुकसान होत नाही का?

आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटे, यापलीकडे त्यांचा वेळ घेऊ नये. आठवीच्या अखेरीस मलावीत प्राथमिक शाळा सोडताना परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे आठवीच्या मुलांना आम्ही या कामात घेत नाही. सहावी-सातवीच्या मुलांना मात्र लहानांना अपूर्णांक समजावताना स्वतःचा कच्चेपणा कळतो. पालकांना हे बैठक घेऊन समजावून सांगावे लागते, कारण आपली मुलगी दुसऱ्याच्या मुलाला फुकट का शिकवते, हा प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविक आहे.

वीज नसेल तर लॅपटॉप चालतात कसे?

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी वीज नाही, त्यामुळे हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. हिशेब साधा आहे. १०० वॅटच्या एका सौर पॅनेलला दिवसाला पाच तास चांगले ऊन मिळाले, तर ५०० वॅट-तास वीज तयार होते. बॅटरी, तारा आणि इन्व्हर्टर यांत तिच्यापैकी सुमारे एक तृतीयांश वाया जाते असे धरावे. उरलेल्या विजेवर ४५ ते ५० वॅट-तासांची बॅटरी असलेले नेहमीचे लॅपटॉप जेमतेम सात वेळा पूर्ण चार्ज होतात. जुन्या एक्सओची बॅटरी सुमारे २० वॅट-तासांची असल्याने तेवढ्याच उन्हात पंधरा-सोळा यंत्रे भरत. म्हणून यंत्र निवडताना प्रोसेसर किती वेगवान आहे यापेक्षा ते किती वीज खाते, हे आधी पाहावे.

कागदावरच्या या हिशेबात दोन गोष्टी येत नाहीत. पहिली म्हणजे पावसाळा. मलावीत साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस असतो आणि सलग ढगाळ दिवसांत पॅनेलपासून मिळणारी वीज निम्म्याच्याही खाली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइल. गावात मोबाइल चार्ज करायला दुकानात पैसे मोजावे लागतात, त्यामुळे शाळेत पॅनेल बसले की शिक्षकांचे, मग त्यांच्या शेजाऱ्यांचे आणि मग गावाच्या मुखियाचे मोबाइल तिथे येतात. त्याला बंदी घालून उपयोग होत नाही. पॅनेल गरजेपेक्षा दीडपट मोठे घ्यावे, मोबाइलसाठी वेगळे सॉकेट ठेवावे आणि त्यासाठी थोडे शुल्क घेऊन ते बॅटरी बदलण्यासाठी साठवावे. सौर बॅटरी काही वर्षांत निकामी होतेच, आणि त्या दिवसासाठी पैसे नसले की पूर्ण कार्यक्रम बंद पडतो.

इंटरनेटशिवाय मुले काय शिकणार?

पुष्कळ काही. छोट्या सर्व्हरवर, अगदी हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय या संगणकावरही, धडे आणि चित्रफिती साठवून ते राउटरद्वारे वर्गातील सगळ्या लॅपटॉपना देता येतात. ‘कोलिब्री’ ही मोफत प्रणाली नेमकी याच कामासाठी तयार केलेली आहे. ‘किविक्स’ वापरून विकिपीडिया इंटरनेटविना वाचता येतो. सत्राच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन नवे धडे उतरवून आणले की तीन-चार महिने काम चालते. प्राथमिक वर्गांसाठी इंटरनेट नसणे मला सोयीचेच वाटते, त्याचे कारण पुढे एका उत्तरात येईल.

धडे कोणत्या भाषेत असतात?

लहान वर्गांत ते मुलाच्या घरच्या भाषेतच असले पाहिजेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मराठी वाचकांना हे वेगळे पटवून द्यावे लागू नये. रवांडाने २००८ मध्ये शिक्षणाचे माध्यम फ्रेंचवरून इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला आणि त्याच सुमारास तिथे लॅपटॉपही आले. ज्या शिक्षकांना स्वतःलाच इंग्रजी नव्याने शिकावे लागत होते, त्यांच्या हाती त्याच वेळी नवे यंत्रही दिले गेले.

मलावीत ब्रिटनच्या ‘वनबिलियन’ या संस्थेने चिचेवा भाषेत वाचन आणि गणिताचे धडे टॅब्लेटसाठी तयार केले आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासात त्यांचा मुलांच्या गणितावर चांगला परिणाम दिसला. वाचनासाठी दक्षिण आफ्रिकेतील ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ या उपक्रमाने अनेक आफ्रिकी भाषांतील गोष्टी मुक्त परवान्याखाली उपलब्ध केल्या आहेत. बंगळुरूच्या प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरही मराठीसोबत आफ्रिकी भाषांतील गोष्टी मिळतात. या गोष्टी छापून पुस्तके करता येतात आणि आम्ही तसे करतो. बॅटरी संपली तरी मुलाच्या हातात गोष्ट राहते.

लॅपटॉपऐवजी टॅब्लेट दिले तर?

वाचन आणि अंकओळख यासाठी टॅब्लेट पुरेसे आहेत आणि वीजही कमी घेतात. लिहिणे, प्रोग्राम तयार करणे, वरच्या वर्गांत निबंध टाइप करणे यासाठी कीबोर्ड हवा. केनियात २०१३ च्या निवडणुकीत पहिलीच्या मुलांना लॅपटॉप देण्याचे आश्वासन दिले गेले होते. निविदेवरून न्यायालयीन वाद झाले आणि २०१६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मुलांच्या हाती टॅब्लेट आले. दहा लाखांहून अधिक टॅब्लेट शाळांत पोहोचले.

टांझानियातील टांगा प्रदेशात झालेली ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइज’ स्पर्धा याहून उद्बोधक आहे. सुमारे १७० खेड्यांतील २,७०० च्या आसपास मुलांना स्वाहिली धड्यांचे टॅब्लेट देण्यात आले. त्यांतल्या बहुतेकांना सुरुवातीला स्वाहिलीतील एक शब्दही वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनंतर अजिबात वाचता न येणाऱ्या मुलांचे प्रमाण निम्म्यावर आले आणि २०१९ मध्ये वनबिलियन व ‘किटकिट स्कूल’ यांना पारितोषिक विभागून मिळाले. शिक्षकाविना मुले शिकली, असे या प्रयोगाचे वर्णन केले जाते. पण तिथेही सौर केंद्रावर टॅब्लेट चार्ज करणाऱ्या आणि मुलांची चौकशी करणाऱ्या गावातील बायका होत्या. त्यांना ‘मामा’ म्हणत. स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई. त्या नसत्या तर टॅब्लेट आठवडाभरही चालले नसते.

मुलींना समान संधी मिळते का?

आपोआप मिळत नाही. चार मुलांत एक लॅपटॉप ठेवला की कीबोर्ड मुलांकडे जातो आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात. पाणी आणण्याचे काम घरात मुलींकडे असल्याने शाळा सुटल्यानंतरच्या तासाला त्या थांबूही शकत नाहीत. म्हणून हा तास शाळेच्या वेळापत्रकातच बसवावा, पाळीची यादी भिंतीवर लावावी आणि मार्गदर्शकांत किमान निम्म्या मुली असाव्यात.

या बाबतीत ‘कॅम्फेड’ या संस्थेचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. १९९३ मध्ये झिम्बाब्वेत सुरू झालेल्या या संस्थेच्या मदतीने शिकलेल्या तरुणी ‘लर्नर गाइड’ म्हणून आपल्याच भागातील शाळांत परत येतात, मुलींना अभ्यासात आणि अडचणींत साथ देतात आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना व्यवसायासाठी बिनव्याजी कर्ज व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळते. मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’ने नेमलेल्या बालसखी अशाच, त्याच वस्तीतल्या शिकलेल्या तरुणी होत्या. शाळकरी मार्गदर्शकांच्या पाठीशी अशी एखादी ताई असली की कामाला बळ येते.

चोरी आणि तुटफूट होत नाही का?

होते, पण अपेक्षेपेक्षा कमी. माझ्या पाहण्यात यंत्रांचे सर्वांत जास्त नुकसान न वापरल्यामुळे झाले आहे. एका शाळेत आम्ही दिलेले बारा लॅपटॉप वर्षभराने पाहायला गेलो, तर ते मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटात, मूळ प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकावर एक नीट रचून ठेवलेले होते. एखादे फुटले तर पगारातून भरून द्यावे लागेल, अशी त्यांना भीती होती. पूर्ण उतरलेल्या स्थितीत वर्षभर पडून राहिल्याने बऱ्याच बॅटऱ्या पुन्हा चार्ज होईनात. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण आम्हीच त्यांच्याकडून बारा यंत्रांच्या पावतीवर सही घेतली होती आणि तुटल्यास काय, हे कुठेही लिहिले नव्हते. आता आम्ही आधीच लिहून देतो की वापरात असताना झालेल्या नुकसानीची भरपाई कोणाकडूनही मागितली जाणार नाही, आणि दहामागे एक यंत्र सुट्या भागांसाठी राखून ठेवतो.

मुले नको त्या गोष्टी पाहतील, ही भीती खरी आहे का?

खरी आहे. २००७ मध्ये नायजेरियात लॅपटॉप मिळालेली शाळकरी मुले अश्लील संकेतस्थळे पाहत असल्याचे उघडकीस आले आणि त्यानंतर यंत्रांत गाळणी बसवण्यात आली. प्राथमिक शाळेत इंटरनेट न जोडण्याचे हे एक कारण आहे. पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या चित्रपटांवर मात्र शिक्षकांनीच लक्ष ठेवावे लागते.

माझा जुना लॅपटॉप पाठवला तर चालेल का?

बहुतेक वेळा नको. निरनिराळ्या कंपन्यांचे वीस लॅपटॉप म्हणजे वीस प्रकारचे चार्जर, आणि त्यांतला एक बिघडला की तो त्या भागात मिळत नाही. जकात आणि वाहतूक यांचा खर्च कधीकधी यंत्राच्या किमतीहून जास्त होतो. विमानाने सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकून पाठवता येत नाहीत. शिवाय दान म्हणून गेलेले निकामी यंत्र अखेर तिथल्या कचऱ्यात जाते. घानातील आक्रा शहरातल्या आग्बोग्ब्लोशी येथे तांबे काढण्यासाठी तारा जाळणारी मुले आणि तरुण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. रवांडाने बुगेसेरा येथे ई-कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र उभारले आहे, पण अशी सोय सगळ्या देशांत नाही. एखाद्या कार्यालयाकडे एकाच मॉडेलचे पंधरा-वीस चालू लॅपटॉप चार्जरसह असतील, तर त्यांचा विचार जरूर करता येतो.

उपयोग झाला, हे कसे ओळखायचे?

किती लॅपटॉप वाटले, यावरून नक्कीच नाही. सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट असे चढत्या क्रमाने वाचायला द्यावे आणि ते कुठवर पोहोचले ते नोंदवावे. भारतातील ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाची ही साधी चाचणी २००९ पासून ‘उवेझो’ या नावाने केनिया, टांझानिया आणि युगांडात वापरली गेली. मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार गटांत बसवण्याची ‘प्रथम’ची पद्धतही झांबियाने २०१६ मध्ये आधी ८० शाळांत करून पाहिली आणि मग पुढे वाढवली. परदेशी पाहुण्यांसमोर मुले लॅपटॉप उघडून दाखवतात, तेव्हा सगळेच भारावून जातात. मी त्या वेळी वर्गाच्या मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या मुलाला गोष्टीचे पान वाचायला देते.

मराठी माणसाला या कामात काय करता येईल?

नैरोबी, दार एस सलाम, लुसाका अशा शहरांत नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्यांनी जवळच्या एका शाळेशी दीर्घकाळ संबंध ठेवला, तर भारतातून महिनाभरासाठी येणाऱ्या स्वयंसेवकांपेक्षा त्यांची मदत कितीतरी अधिक होईल. दर तीन महिन्यांनी एक शनिवार पुरतो. सौर जोडणीतले किंवा लिनक्समधले ज्यांना कळते, त्यांनी गावातील दोन तरुणांना दुरुस्ती शिकवावी आणि स्वतः दुरुस्ती करण्याचा मोह आवरावा. जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुवर्ग शिकवलेले निवृत्त शिक्षक आले, तर तिथल्या शिक्षकांशी त्यांचे सूर फार लवकर जुळतात, कारण दोन इयत्तांना एका वेळी कसे गुंतवून ठेवायचे हे दोघांनाही ठाऊक असते.

येताना काय आणू, असे विचारणाऱ्यांना मी लहान स्क्रू-ड्रायव्हरचा संच, बारा व्होल्टचे चार्जर आणि कापडी पट्ट्या सांगते. आणि जाड पुठ्ठ्याच्या चौकटी वह्या. प्रत्येक मार्गदर्शक मूल त्या वहीत तारीख, लहान मुलाचे नाव आणि तो कोणत्या शब्दापाशी अडला ते लिहिते. सत्र संपेपर्यंत एका मुलाची एक वही भरते आणि आमच्याकडच्या वह्या दर वर्षी कमी पडतात.